चावीवालीची गाय

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला साळसूद समजायला नको. मी तिच्यावर जळत होते. दोन वर्षं, रोज संध्याकाळी सहा ते आठ, रविवार सोडून. रविवारीही जळत होतेच म्हणा, फक्त घरी बसून.

ती म्हणजे आमच्या संस्थेतली चावीवाली. संस्था कसली, चपलांच्या दुकानाच्या वरच्या तीन खोल्या. एका खोलीत मोठे सर, म्हणजे संस्थेचे चालक, आणि त्यांचा करकरणारा पंखा. उरलेल्या दोन खोल्यांत आम्ही मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचो. ज्यांना त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही अशी माणसं दिवसाचं काम आटपून यायची. सलूनवाला यायचा, शिंपीण यायची, टॅक्सीवाले, आचारी, दवाखान्यातल्या आया. जिना चढताना खालच्या दुकानातल्या चामड्याचा आणि डिंकाचा वास नाकात बसायचा, तो घरी जाईपर्यंत सुटायचा नाही. अगदी नवख्यांच्या वर्गाचं नाव होतं ‘पहिली पायरी’. एकोणीस वर्षं तो वर्ग खोली नंबर एकमध्ये मी घेत आले. या भागात ज्याला म्हणून इंग्रजीचा पहिला शब्द आला, तो माझ्या तोंडून ऐकून आला. याचा मला गर्व होता. होता म्हणजे काय, अजूनही आहे.

माझी शिकवण्याची पद्धत ठरलेली. फळ्याच्या डाव्या बाजूला चित्र, उजव्या बाजूला अभ्यास. चित्रकलेत माझा हात चांगला. मी स्वयंपाकघर काढलं तर टेबलाचे चारही पाय जमिनीला टेकणार, कपाला कान असणार आणि खिडकीतून उजेड येतोय हेही कळणार. उजवीकडे रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, चूक की बरोबर ते लिहा, एका वाक्यात उत्तरं द्या. हे सगळे अभ्यास, चित्रांसकट, मी स्वतः तयार करून, निळं कव्हर घालून, दोऱ्याने शिवून त्यांची वही केली होती. माझ्या माघारी विद्यार्थी मला ‘रिकाम्या जागा’ म्हणायचे. मला ते माहीत होतं. चिडवण्यातही थोडा मान असतो, अशी मी माझी समजूत घातली होती. एकोणीस वर्षांत एकदाच काय ते माझं चित्र बिघडलं. कपाटाच्या दारात अंगठा चिरडला होता आणि मी हट्टाने डाव्या हातात खडू धरला. वर्ग खो खो हसला. मी घरी जाऊन रडले आणि अंगठा बरा होईपर्यंत चक्क रजा टाकली.

चावीवाली आली ती नऊ वर्षांपूर्वी, एका लाँड्रीतलं काम सोडून. तेव्हा सव्वीस-सत्तावीसची असेल. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले चार दिवस घरी. पदरात दोन मुली. कमरेला चाव्यांचा जुडगा लावून ती पाच वाजता यायची, खोल्या उघडायची, बाकं मांडायची, चहा करायची आणि वर्ग सुटला की फळे पुसायची. आठ वाजायला अजून अवकाश असला तरी हातात डस्टर घेऊन माझ्या दारात उभी. मला वाटायचं, हिला घरी जायची घाई झाली आहे.

एकदा टाय लावलेला कोणी एक माणूस चुकून वर आला आणि इंग्रजीत काहीतरी विचारायला लागला. मोठे सर नव्हते. मी खोलीतून बाहेर येईपर्यंत चावीवालीने त्याला सरळ उत्तर देऊन जिन्याखाली धाडलंही होतं.

“कुठे शिकलीस गं?” मी विचारलं.

“दारात, मॅडम.”

मला हसू आलं. त्या दिवशी घरी जाऊन मी हा किस्सा रंगवून सांगितला. शिवाय माझी एक निळी वही तिला भेट दिली, वर माझी सही करून. मोठ्या मनाने. माणूस आपल्यापेक्षा खालच्या पायरीवर उभं असलं की मन मोठं करायला काही लागत नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वी, खोली नंबर दोनमध्ये ‘पहिली पायरी’ची नुकतीच सुरू झालेली जादा तुकडी घेणारे मास्तर ऐन सत्रात नोकरी सोडून गेले. मोठे सर चावीवालीला म्हणाले, “दोन दिवस त्या लोकांना नुसतं बसवून ठेव. पळून जायला नकोत. तोवर मी कोणीतरी बघतो.” ते दोन दिवस काही संपले नाहीत.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम तिच्या दारावरून गेले. गंमत बघायला, खोटं कशाला बोलू. फळ्यावर तिने काहीतरी काढलं होतं. पेटीसारखं धड, चार पाय, त्यातला एक लांब, आणि वर दोन काटक्या. अख्खा वर्ग उभा राहून ओरडत होता.

“इज इट अ चेअर?” सलूनवाला विचारत होता.

“नो! इट इजंट अ चेअर!”

“इज इट अ बस?” हा टॅक्सीवाला.

“बस हॅज नो लेग्ज!” त्याला शिंपिणीच्या शेजारची आया तावातावाने सांगत होती. चावीवाली कमरेवर हात ठेवून नुसती मान हलवत होती आणि चाव्या वाजत होत्या. पंधरा मिनिटांनी ती गाय आहे असं ठरलं. मग ती गाय असेल तर तिला शेपूट का नाही यावर दुसरं भांडण सुरू झालं. चुका तर इतक्या, की माझ्या लाल पेनाची शाई संपली असती.

मी माझ्या वर्गात परत आले. माझी माणसं खाली मान घालून रिकाम्या जागा भरत होती. पंखा आणि पेनं, एवढाच काय तो आवाज.

“नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात,” मी घरी नवऱ्याला सांगितलं, “हिला तर ते अंगणही काढता येत नाही. गाय म्हणे! शाळेतलं पोर बरी काढील.”

माझा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावलेलं असलं की तो वर न बघता बोलतो. “मग वर्ग रिकामा झाला असेल तिचा.”

“नाही.”

“कमी झाला?”

“वाढलाय,” मी म्हणाले आणि भांडी जरा जोरात आपटली.

भिंगाआडून त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं. “तुझ्या पोटात दुखतंय,” तो म्हणाला, “आणि यावर कुठल्या डॉक्टरकडे औषध नाही.”

दुखत होतंच. आणि दुखायला रोज नवीन निमित्त मिळत होतं. मला सगळे मॅडम म्हणायचे, तिला ‘ताई’ म्हणायला लागले. माझी माणसं जिना उतरताना गुपचूप उतरायची, तिची माणसं मोडक्यातोडक्या इंग्रजीत भांडत उतरायची, आणि चपलांच्या दुकानदाराला त्याच इंग्रजीत पायाचं माप विचारून सतवायची. एकदा तर कहर झाला. एक नवीन शिंपीण जिना चढून आली आणि मलाच विचारते, “चित्रवाल्या ताईंचा वर्ग कुठला हो?”

चित्रवाल्या! खडूने गाय काढायची तर तिची पेटी होते, आणि ती चित्रवाली. मग मी कोण?

“हाच,” मी म्हणाले आणि तिला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसवलं.

ती तीन दिवस बसली. मी तीन दिवस तिच्यासाठी जीव तोडून शिकवलं, रुग्णालयाचं इतकं देखणं चित्र काढलं की आयांनी खाटा मोजल्या. चौथ्या दिवशी ती दारात येऊन ओशाळून म्हणाली, “मॅडम, राग मानू नका, मी चुकून तुमच्यात बसले होते.” आणि पलीकडच्या खोलीत गेली. मी राग मानला.

त्यानंतर मला एक वाईट खोड लागली. आपल्या वर्गाला अभ्यास देऊन मी खोली दोनच्या दाराशी जाऊन उभी राहायला लागले. चावीवालीने बघितलं की म्हणायची, “मॅडम, आत या ना.” मी म्हणायचे, “नाही गं, खडू हवा होता.” त्या सत्रात मी इतके खडू मागून आणले की माझ्या पर्सला पांढरं अस्तर चढलं.

आत काय चालायचं ते सांगते. ती दर वेळी काहीतरी वेडंवाकडं काढायची. विमान काढलं तर मासा वाटावा. दवाखाना काढला तर तुरुंग. मग ते लोक विचारत राहायचे, नाकारत राहायचे, भांडत राहायचे, आणि ही मध्येच डस्टरने एक रेघ पुसून दुसरी काढायची, म्हणजे भांडणाला आणखी ऊत. मी दारात उभी राहून मनात म्हणायचे, या बाईला चित्र येत नाही आणि हिच्या नशिबाने तेच हिला लाभतंय. नशीब! हा शब्द मी तेव्हा फार वापरायचे.

यंदाचं सत्र संपत आलं तेव्हा मोठ्या सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. खोली नंबर दोन पुढच्या सत्रापासून कॉम्प्युटरच्या वर्गाला द्यायची होती. म्हणजे ‘पहिली पायरी’चा वर्ग एकच राहणार.

“आणि दुसरीचं काय?” मी विचारलं. दुसरी म्हणजे चावीवाली, असं मी गृहीतच धरलं होतं.

“दुसरीला सकाळचा पत्रलेखनाचा वर्ग. आठवड्यातून दोन दिवस. पाच-सहा निवृत्त मंडळी आहेत.” सर टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले, “मी भेदभाव करणार नाही. बाहेरचे परीक्षक बोलावतो. दोन्ही वर्गांची तोंडी परीक्षा. चित्र दाखवायचं आणि बोलायला लावायचं. ज्या वर्गाला बोलता येईल, त्याची बाई ‘पहिली पायरी’ घेईल. चित्रं तुम्ही काढा, मॅडम. तुम्ही ज्येष्ठ आहात.”

पत्रलेखन! ‘आपला विश्वासू’च्या आधी स्वल्पविराम कुठे येतो हे पाच म्हाताऱ्यांना सांगत मी मरणार? आणि माझी पहिली पायरी, माझी एकोणीस वर्षांची खोली, तिच्या त्या लांब पायाच्या गायीला? त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

मी चार चित्रं काढली. स्वयंपाकघर, बसथांबा, दवाखाना, चपलांचं दुकान. सुरेख काढली, रंग भरले. आणि चारही चित्रं माझ्या निळ्या वहीतली होती. माझ्या वर्गाने त्यांच्यावरच्या रिकाम्या जागा इतक्या वेळा भरल्या होत्या की झोपेतून उठवलं असतं तरी वाक्यं म्हटली असती. मोठ्या सरांनी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

पण निळी वही चावीवालीकडेही होती की. माझ्याच सहीची. चित्रं टेबलावर मांडली तेव्हा ती एकेक बघत गेली. मी वाट बघत होते, आता बोलेल, आता सरांना सांगेल. ती म्हणाली, “किती छान उजेड आलाय खिडकीतून, मॅडम,” आणि चहाचे कप उचलून निघून गेली. तिने तक्रार केली असती तर मला तिचा राग धरता आला असता. तेवढंही तिने मला करू दिलं नाही.

परीक्षक म्हणजे जहाजावरून निवृत्त झालेले एक दाढीवाले गृहस्थ होते. पहिली माझ्या वर्गातली आया आत गेली. तिच्यापुढे स्वयंपाकघर.

“धिस इज अ किचन,” ती म्हणाली. “देअर इज अ वुमन. देअर आर थ्री प्लेट्स ऑन द टेबल.” एक अक्षर चुकलं नाही. मग तिने हात मांडीवर ठेवले.

“अँड?” परीक्षकांनी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या वहीत त्या चित्राखाली तीनच वाक्यं होती. परीक्षक थांबले, तीही थांबली. शेवटी त्यांनी “थँक यू” म्हटलं. माझे चौदाच्या चौदा विद्यार्थी असेच आत गेले, बिनचूक तीन वाक्यं बोलले आणि गप्प बसले. मी अभिमानाने बघत होते. सहाव्या-सातव्यानंतर तो अभिमान कुठेतरी खरचटायला लागला.

मग तिचा सलूनवाला आला. त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं, जवळ ओढलं, आडवं करून बघितलं.

“सर,” तो म्हणाला, “वन वुमन. थ्री प्लेट. हू इज कमिंग?”

परीक्षक जरा गोंधळले. “आय डोंट नो.”

“यू डोंट नो? इट इज युवर पिक्चर, सर!”

परीक्षक हसायला लागले. सलूनवाला सुटलाच. नवरा येतोय का? मग बाई खूश का दिसत नाही? सासू येतेय, म्हणून खूश नाही. नाही, नाही, मुलगा येतोय, पण उशीर झालाय, हे बघा, खिडकीकडे बघतेय ती. परीक्षक म्हणाले, मुलगा असेल तर ताटं दोन पुरेत. तो म्हणाला, मुलगा एकटा कशाला येईल सर, तो तरुण आहे! त्याच्या वाक्यागणिक मला लाल पेन आठवत होतं. दहा मिनिटं झाली. जाता जाता त्याने परीक्षकांना विचारलं, ही दाढी कोण कापतं, आणि जो कोणी असेल त्याला बदला, असंही सांगितलं.

तिसरं ताट कोणाचं? एकोणीस वर्षं मी ते स्वयंपाकघर काढत आले होते. तीन ताटं मी एवढ्यासाठीच काढायचे की एकापेक्षा जास्त काहीतरी दिसायला हवं. ती बाई कोणाची वाट बघतेय हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि माझ्या वर्गाने विचारावं अशी सोयही ठेवली नव्हती.

निकाल सांगायची गरजच नव्हती. तरी मोठे सर बिचारे जपून बोलले. परीक्षकांनी लिहून दिलं होतं: पहिला वर्ग बिनचूक, दुसरा वर्ग बोलतो. ‘पहिली पायरी’ पुढच्या सत्रापासून चावीवालीची, आणि खोलीही नंबर एकच. सत्र संपायला आठवडा होता.

आता माझा पुढचा पराक्रम सांगते. दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले, खडू घ्यायला. या वेळी खरंच हवा होता, पर्स घरी राहिली होती. कपाटात डस्टरच्या मागे एक जाड वही दिसली. कव्हरवर चावीवालीचं नाव. दुसऱ्याची वही उघडू नये हे मला कळतं. मी उघडली.

पहिल्या पानावर माझं स्वयंपाकघर होतं. पेनाने काढलेलं, पण माझंच. टेबल, कप, कपाचा कान, खिडकीतला उजेड. दुसऱ्या पानावर माझा बसथांबा. पुढे माझं दुकान, माझी बाग, माझा दवाखाना. प्रत्येकाखाली तारीख आणि त्या दिवशी माझ्या वर्गात कोणी काय म्हटलं ती वाक्यं. सात वर्षांची चित्रं, दारात उभं राहून लक्षात ठेवलेली आणि घरी जाऊन काढलेली. आणि खरं सांगू? माझ्यापेक्षा सुंदर होती. माझ्या माणसांची बोटं कायम काड्यांसारखी येतात, तिची बोटं कप धरत होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हिला चित्र येतं! एवढं येतं! आणि दोन वर्षं ही पेटीला पाय लावून गाय म्हणून खपवते, लोकांना बनवते, मला बनवते! आता जाते सरांकडे, म्हटलं, वहीच आपटते टेबलावर. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मी तावातावाने वही मिटणार, तोच मधलं एक पान उघडलं. त्या पानावर एक गाय होती. घाणेरडी. पेटीसारखं धड, एक पाय लांब, डोक्यावर दोन काटक्या. खाली तारीख. ती तारीख मी जन्मात विसरणार नाही, कारण त्याच्या आदल्याच दिवशी माझा अंगठा कपाटात सापडला होता.

गाय माझी होती. डाव्या हाताची.

इतर चित्रांखाली तीन वाक्यं होती, फार तर चार. त्या गायीखाली वाक्यं सुरू झाली ती पान भरून उलटली, पाठीमागचं पान भरलं आणि समासातही चढली. इज इट अ चेअर. नो, इट इज अ बेड. मॅडम, इज इट सिक? हू इट द टेल? कोण बोललं तेही कंसात लिहिलं होतं: आचारी, आया, मागच्या बाकावरची बाई जी कधीच बोलत नाही ती. मी मोजली. एकसष्ट वाक्यं होती. मला त्या दिवसाचं फक्त हसणं आठवत होतं. एकसष्ट वाक्यं मला ऐकूच आली नव्हती.

“मॅडम?” मागे चावीवाली उभी होती. वही माझ्या हातात.

मला खरं तर माफी मागायला हवी होती. पण माझा स्वभाव बघा, मी तिच्यावरच चढले. “तुला चित्रं येतात!”

“माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे,” ती म्हणाली. “लहानपणापासून ब्रश हातात होता.”

“मग वर्गात असली गाय का काढतेस?”

तिने जुडगा चाळवला. मग हळूच म्हणाली, “पहिल्या दिवशी मी तुमच्यासारखंच छान चित्र काढलं होतं, मॅडम. वर्ग भरायच्या आधी. मग वाटलं, हे बघून कोण काय विचारणार? सगळं तर दिसतंय. म्हणून पुसलं आणि तुमची ही गाय काढली. तुमच्या वर्गात सगळ्यात जास्त माणसं त्या दिवशी बोलली होती. मी दारातच होते ना. तुम्ही रजेवरून आल्यावर पुन्हा काढाल म्हणून किती दिवस वाट बघितली. तुम्ही काही परत काढली नाहीत.”

“मी तुला तो फळा पुसायला लावला होता,” मी म्हणाले. आता आठवत होतं. मी ओरडले होते तिच्यावर, एक रेघ राहता कामा नये म्हणून.

“हो. पुसताना जिवावर आलं होतं.”

तिथेच उभं राहून मला जो हेवा वाटला, तसा दोन वर्षांत कधी वाटला नव्हता. आजवर मला वाटत होतं की तिच्याकडे असं काहीतरी आहे जे माझ्याकडे नाही. ते माझंच होतं. मी रागाच्या भरात पुसायला सांगितलं आणि तिने उचलून घरी नेलं. दुसऱ्याचं घेतलं असतं तर तिला चोर म्हणता आलं असतं, पण टाकून दिलेल्याची चोरी होत नाही. मी वही तिच्या हातात दिली आणि खडू न घेताच बाहेर पडले.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. चार चित्रांची लबाडीही सांगितली. त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं, जे तो सहसा काढत नाही.

“तुझा शेवटचा वर्ग कधी?”

“शनिवारी.”

“मग अजून वेळ आहे,” एवढंच म्हणाला आणि भिंग परत लावलं.

शनिवारी मी फळ्यासमोर उभी राहिले आणि गाय काढायला घेतली, मुद्दाम वाईट. पाठ वाकडी काढायचा प्रयत्न केला, पण हाताला सवय कुठली! पाठीला बाक आला, शिंगं डौलदार आली, गळ्याखालची लोंबती पोळीसुद्धा आली. पाच मिनिटांत फळ्यावर कोणीही दूध काढायला बसावं अशी गाय उभी.

“इट इज अ काऊ, मॅडम,” आया आदराने म्हणाली. बाकीच्यांनी पेनं उघडली.

मी ती गाय पुसली. पेनं बंद करायला सांगितलं. मग खडू डाव्या हातात घेतला.

पहिला पाय भलतीकडेच गेला. धडाचा एक कोपरा आत, एक बाहेर. मला सात वर्षांपूर्वीचा घाम फुटला. आता हसतील, म्हटलं. आणि हसले. आधी कोणीतरी नाकातल्या नाकात, मग सगळेच. वाटलं, फेकावा खडू आणि जावं घरी.

“इज इट... अ सोफा?” मागच्या बाकावरून आचाऱ्याने विचारलं. सबंध सत्रात हा माणूस फक्त हजेरीला बोलला होता.

“नो,” मी म्हणाले. “इट इजंट.”

“सोफा इज सिक?” आया म्हणाली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून लाजली. मग टॅक्सीवाल्यांतला एक उठून थेट फळ्याजवळ आला आणि त्या लांब पायावर बोट ठेवून म्हणाला, हा पाय नाहीच, हा रस्ता आहे. त्यावर तिघं तुटून पडले. चुका होत होत्या. मी लाल पेन पर्समध्ये, खडूंच्या ढिगाखाली टाकून दिलं. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, कारण घड्याळजीची बायको असून मी त्या दिवशी घड्याळ बघितलं नाही.

आठ वाजून गेले असावेत. सगळे भांडतच जिना उतरले. खालून दुकानदाराचं “आता तुम्हीपण?” असं ओरडणं ऐकू आलं. मी वळले तर दारात चावीवाली. हातात डस्टर. कधीची उभी होती कोण जाणे.

ती आत आली आणि सवयीने फळ्याकडे हात नेला.

“राहू दे,” मी म्हणाले. “ते पुसू नकोस.”

तिचा हात थांबला. ती दोन पावलं मागे सरकली, मान तिरकी करून त्या गायीकडे बघत राहिली. धड बघितलं, चार पाय मोजले, काटक्या बघितल्या. पाट्या रंगवणाऱ्याची मुलगी ती, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

“मॅडम,” ती शेवटी म्हणाली, “खरं सांगू का? मला इतकी वाईट काढता येत नाही.”

“नाही ना?” मी म्हणाले. दोन वर्षांत इतकं बरं मला एकदाही वाटलं नव्हतं.